मणक्यातली गाठ उशिरा सापडली, डॉक्टरवर केस होते का?

प्रश्न : पत्नीची कंबर सात महिने दुखत होती. तालुक्याच्या खासगी दवाखान्यात एक्स-रे, इंजेक्शनं, पट्टा झाला. दोनदा भरतीही केलं. मग पायाला मुंग्या आल्या, शेवटी लघवी अडली. नागपूरला एमआरआय केला तर कमरेच्या मणक्यात पाण्याची गाठ निघाली. ऑपरेशन झालं, पण अजून काठीशिवाय चालता येत नाही. डॉक्टर एकदा ‘मोठा फोटो काढा’ म्हणाले होते, पण तेव्हा सोयाबीन सवंगणीला आलं होतं. पुतणे दवाखाना फोडू म्हणतात. पोलीस केस करावी का?
– एक शेतकरी, दारव्हा तालुका

उत्तर : भाऊ, आधी पुतण्यांना आवरा. दवाखान्याची तोडफोड महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. फिर्यादी व्हायचे ते आरोपी होऊन बसाल.

पोलीस केसच्याही मागे लागू नका. जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फौजदारी गुन्ह्यासाठी डॉक्टरची चूक घोर हवी. तुमच्या प्रकरणात मला तेवढं दिसत नाही. तुमचा रस्ता ग्राहक आयोगाचा.

तिथे नुसतं ‘एमआरआय केला नाही’ म्हणून भागणार नाही. एक्स-रेत हाड दिसतं, पाण्याची गाठ दिसत नाही. एमआरआयत ती दिसते आणि नसांवर किती दाब आहे तेही कळतं. पण कंबर दुखली की प्रत्येकाचा एमआरआय करत नाहीत, बहुतेकांची कंबर काही आठवड्यांत उतरते. डॉक्टरचा वकील हेच म्हणेल, आणि तोवर त्याचं बरोबर आहे. पायाला मुंग्या, पायातली ताकद जाणं, लघवी अडणं हे सुरू झालं की गोष्ट बदलते. तिथून पुढेही पट्टा आणि इंजेक्शनंच चालू राहिली असतील, तर त्यांना उत्तर द्यावं लागेल. तालुक्यात मशीन नसेल तर नसो, नागपूरला किंवा सेवाग्रामला जा एवढी चिठ्ठी तरी हवी होती.

आता तुमची ती सोयाबीनची ओळ. तुम्ही ती जाता जाता लिहिली, पण सारी केस तिच्यावर उभी आहे किंवा पडणार आहे. ‘मोठा फोटो काढा’ हे मुंग्या आल्यावर सांगितलं की आधी? चिठ्ठीवर लिहून दिलं की तोंडीच? मुंग्यांनंतर लेखी दिलं असेल आणि तुम्ही थांबला असाल, तर स्पष्ट सांगतो, केस लंगडी आहे. ही गोष्ट वकिलापासून लपवू नका. समोरचा ती काढणारच.

म्हणून फिल्मपेक्षा केसपेपर मोलाचा. भरतीच्या दोन्ही वेळचे कागद वहिनींच्या सहीने लेखी मागा आणि अर्जाची पोच घ्या. मागणीनंतर ७२ तासांत ते द्यावे लागतात, आणि भरती रुग्णांचे कागद तीन वर्षं जपणं डॉक्टरला बंधनकारक आहे. नागपूरचा एमआरआय रिपोर्ट, सीडी, ऑपरेशनचे कागद जोडा. शक्य झाल्यास दुसऱ्या मणक्याच्या सर्जनचं लेखी मत घ्या. त्याशिवाय आयोगापुढे बोलणं कठीण जातं.

तक्रार यवतमाळच्या जिल्हा आयोगात करता येईल. मुदत दोन वर्षांची. तालुक्यातल्या शेवटच्या उपचाराच्या तारखेपासून मोजा म्हणजे धोका नको. दवाखान्याला दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही. तक्रारदार वहिनींना करा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, अर्ज दारव्ह्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत द्या.