अंथरुणाला खिळलेल्या आईला घरी एनिमा कसा द्यावा?

प्रश्न : माझी आई ७८ वर्षांची आहे. पक्षाघातानंतर ती अंथरुणालाच आहे. चार-चार दिवस शौचाला होत नाही. डॉक्टर म्हणाले, अडलंच तर घरी एनिमा द्या. घरात जुनं एनिमाचं भांडं आहे, दुकानातून तयार बाटलीही आणली आहे. काय वापरू आणि कसं? – एक वाचक, कराड

उत्तर : बाटली उघडण्याआधी लेबल वाचा. त्यावर सोडियम फॉस्फेट लिहिलेलं असेल, तर आईंच्या चालू गोळ्या आणि मूत्रपिंडाचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ती देऊ नका. हे क्षार आतड्यात पाणी ओढतात, पण त्यांतला काही भाग रक्तातही जातो. मूत्रपिंड कमजोर असेल, शरीरात पाणी कमी असेल किंवा औषध बाहेर न पडता आतच राहिलं, तर रक्तातलं फॉस्फेट चढतं, कॅल्शियम घसरतं आणि त्याचा फटका हृदयाला बसतो. लघवी वाढवणाऱ्या, रक्तदाबाच्या काही आणि सांधेदुखीच्या गोळ्या चालू असतील तर धोका वाढतो. २४ तासांत एकापेक्षा जास्त बाटली देऊ नका, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१४ मध्ये दिला होता. अर्ध्या तासात शौचाला झालं नाही तर दुसरी बाटली फोडायची नाही, डॉक्टरांना फोन करायचा.

भांडं वापरायचं तर मिठाचं पाणी घ्या. उकळून कोमट केलेल्या अर्धा लिटर पाण्यात साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा सपाट पाऊण चमचा. आईंना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे प्रमाणही आधी विचारून घ्या. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला ओतून पाहा : ऊबदार लागावं, चटका नको. थर्मामीटरवर ३७ ते ३९ अंश. गरम पाण्याने आतलं अस्तर भाजतं, गार पाण्याने मुरडा येतो. जुन्या भांड्याची रबरी नळी ताणून तडे गेलेत का पाहा, आणि टोकाची नळी नवीनच आणा. टवका उडालेलं टोक आत जखम करतं.

आईंना डाव्या कुशीवर वळवा, उजवा गुडघा पोटाकडे घ्या, खाली रबरी कापड आणि जुनी चादर घाला. डावी कूस अशासाठी की मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग डावीकडे असतो आणि पाणी तिकडे सहज उतरतं. पक्षाघात डाव्या अंगाला असेल तर तो खांदा जरा पुढे ओढून घ्या, त्याच्यावर सगळा भार येऊ देऊ नका. उकिडवं बसवून किंवा संडासच्या भांड्यावर बसवून एनिमा देऊ नका. त्या स्थितीत नळीचं टोक गुदाशयाच्या पुढच्या भिंतीवर रुततं, आणि आतडं फाटण्याची भीती तिथेच जास्त असते.

हातमोजे घाला. तोटी उघडून थोडं पाणी वाहू द्या म्हणजे नळीतली हवा निघून जाईल, मग तोटी बंद करा. टोकाला जेली किंवा व्हॅसलिन भरपूर लावा. आईंना तोंडाने श्वास सोडायला सांगा आणि तेवढ्यात टोक बेंबीच्या दिशेने हलकेच सरकवा. कडक टोक पाच सेंटिमीटरपर्यंत पुरे, मऊ रबरी नळी असेल तर सात-आठ. अडखळलं तर रेटायचं नाही. जरा मागे घ्या, थोडं पाणी सोडा, पुन्हा पाहा. तरीही जात नसेल तर थांबा, पुढे कडक मळ दाटलेला असू शकतो.

भांडं गादीपासून फूट-दीड फुटावर धरा. भिंतीवरच्या उंच खिळ्याला टांगण्याची चूक फार होते. उंची वाढली की पाणी जोरात शिरतं, पोटात कळ येते आणि सगळं लगेच बाहेर पडतं. अर्धा लिटर जायला पाच ते दहा मिनिटं लागू द्या. कळ आली तर तोटी बंद करा, कळ ओसरली की पुन्हा सुरू करा. पुरे म्हणाल्या की पुरे, सगळं पाणी संपवायचा हट्ट नको. नळी काढल्यावर पाच-दहा मिनिटं धरता आलं तर उत्तम. पक्षाघातात अनेकदा ताबा राहत नाही, म्हणून बेडपॅन आधीच जवळ ठेवा.

घाम फुटला, चेहरा पांढरा पडला, नाडी मंद झाली तर लगेच थांबवून पाय उंच करा आणि डॉक्टरांना कळवा. पोटात किंवा कंबरेत जोराची कळ, पोट कडक होणं, रक्त, किंवा त्यानंतर ताप, यांतलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय. उलट्या होत असतील, पोट फुगलं असेल किंवा कारण न कळता पोट दुखत असेल तर एनिमाला हातच लावायचा नाही.

प्रश्न : वडिलांना आठवडाभर घट्ट शौच नव्हतं, आता दोन दिवस पातळ पाणी गळतंय. जुलाब थांबवायची गोळी देऊ का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : देऊ नका. खाली मळाचा कडक गोळा अडकलेला असतो आणि वरचा पातळ मळ त्याच्या कडेने झिरपतो. जुलाब थांबवायची गोळी दिली की गोळा आणखी घट्ट बसतो. बोटाने तपासणी करून ठरवणं हे डॉक्टरांचं किंवा प्रशिक्षित परिचारिकेचं काम आहे. इसबगोलही थांबवा, कारण पाणी कमी पिणाऱ्या, पडून असणाऱ्या माणसाच्या पोटात तो फुगून अडतो.

प्रश्न : पूर्वी घरोघरी साबणाच्या पाण्याचा एनिमा द्यायचे. तो चालेल का?

उत्तर : नको. साबणाने आतड्याचं अस्तर चिडतं, सुजतं, कधी रक्तही पडतं. नुसतं साधं पाणीही वारंवार देऊ नये. ते शोषलं जाऊन रक्तातलं सोडियम उतरतं, आणि वृद्ध माणूस अचानक बरळू लागतो किंवा गुंगीत जातो. कॉफीचा एनिमा तर मुळीच नको. लहान मुलांना यातलं काहीही घरच्या घरी द्यायचं नाही.