बेगुसरायला जाऊन राहिला तर

पोरा,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. या २०१९च्या लोकसभेला कन्हैया कुमारच्या, म्हणजे जेएनयू या दिल्लीच्या विद्यापीठातल्या त्या विद्यार्थी नेत्याच्या, आता भाकपच्या (कम्युनिस्ट पक्षाच्या) उमेदवाराच्या प्रचाराला बिहारात बेगुसरायला जायचं म्हणतोस, जा ना, मी कोण अडवणारा. फक्त ११ एप्रिलला इथलं मत टाकून मग नीघ बे. नागपूर पहिल्या टप्प्यात आहे, बेगुसरायचं मतदान २९ एप्रिलला, मधे भरपूर दिवस आहेत, आणि आपलं मत बुडवून दुसऱ्याच्या गावात मत द्या मत द्या करत फिरायचं हे मला काही पटत नाही.

घरी बाबा कन्हैयाला देशद्रोही देशद्रोही करून राहिले म्हणतोस. भांडू नको, पण खोटंही सांगू नको. देशद्रोहाच्या केसमध्ये कोर्टानं त्याला सोडलं असं तू लिहिलंस, तसं नाहीये ते. मार्च २०१६ मध्ये दिल्ली हायकोर्टानं अंतरिम जामीन दिला आणि आत्ता जानेवारी २०१९ मध्ये पोलिसांनी चार्जशीट टाकली, म्हणजे केस संपलेली नाही. गुन्हा शाबीत झालेला नाही एवढंच म्हण, तेवढं पुरतं. २०१६च्या आंबेडकर जयंतीला तो नागपुरात आला तेव्हा भर सभेत बूट भिरकावला होता त्याच्यावर, त्यामुळे बाबांसारखे लोक काही बिहारातच भेटतील असं नाही.

आता खरी गोष्ट. तिथं जेएनयू विसर. भाजपचे गिरिराज सिंह भूमिहार जातीचे, कन्हैयाही भूमिहार, आणि राजदनं (लालूंच्या राष्ट्रीय जनता दलानं) तन्वीर हसनला उभं केलंय जे २०१४ला दुसऱ्या नंबरवर होते, म्हणजे भाजपच्या विरोधातली मतं दोघांत फुटणार हे उघड आहे. मोबाइलवर जी लाट दिसते ना तुला, तिच्यात बेगुसरायचे मतदार किती आणि पुण्या-मुंबईचे, आपल्यासारखे किती, जरा विचार कर. ऑनलाइन वर्गणी धडाधड येऊन राहिली, बरं आहे, पण या २०१९च्या निवडणुकीत उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा ७० लाखांची आणि पैशानं बूथवर माणूस उभा होत नाही. आपल्या ए. बी. बर्धनांचंच बघ, १९५७ला नागपुरातून आमदार झाले, पुढे भाकपचे सरचिटणीस झाले, देशभर नाव, पण इथून लोकसभा लढले १९६७ला आणि १९८०ला, दोन्हीदा पडले. भाषण ऐकायला येणारा मत देतोच असं नाही, काहून ते तुला तिथं आठ दिवस राहिला की समजेल.

म्हणून स्टेजच्या मागं मागं करू नको, सेल्फी एक काढ अन् बस. कोणत्या बूथला पोलिंग एजंट नक्की झाला नाही, कोणत्या टोल्यात (वस्तीत) मतदार स्लिपा पोचल्या नाहीत, कोण सुरतेला कामाला गेलाय आणि परत येणार की नाही, हे वहीत लिहीत जा. हिंदी तुझी आपली नागपुरी, चालून जाईल, पण बोलण्यापेक्षा ऐक जास्त.

अन् ही वही काहून म्हणतो ते ऐक. मतदान संपायच्या ४८ तास आधी प्रचार बंद होतो आणि त्या मतदारसंघात ज्यांचं मत नाही अशा बाहेरच्या कार्यकर्त्यांना तिथून निघावंच लागतं, निवडणूक आयोगाचा नियम आहे. म्हणजे २९ला तू तिथं नसशील. जे करायचं ते तिथल्याच पोरांना करायचंय, तर वही २६लाच त्यांच्या हातात दे, नीट समजावून, तुझं अक्षर कोणाला वाचता येत नाही.

परतीचं रिझर्वेशन आत्ताच काढ, सीझन आहे, आणि तारीख बाबांना सांगून जा.

तुझा काका