खुर्ची त्यांची आहे, पोरा

पोरा,

दक्षिण सुदानवरनं आलेला तुझा रात्रीचा मेसेज वाचला. तिथल्या काउंटीचा सरकारी प्रमुख, कमिशनर, दोन-दोन आठवडे जागेवर नसतो, त्याच्याकडं ना डिझेल ना कागद, मे लागला की पावसानं रस्ते बंद, मग हातपंपाची जागा मीच ठरवून फाईल पुढं पाठवू का, असं विचारायलास. नाही पाठवायची. खुर्ची त्यांची आहे, रिकामी असली तरी.

२०११ ला तो देश नवा झाला तेव्हा आम्ही यूएनच्या शांतिसेनेत, तिथल्या जोंगलेई राज्यात होतो. माती आपल्या परभणीसारखी काळी, पाऊस पडला की गाडी चाकाच्या अर्ध्यापर्यंत रुतायची. मीबी तुझ्यासारखाच घाईत होतो. खाली गावपातळीचा बोमा, त्यावर पायम, त्यावर काउंटी अशी त्यांच्या कारभाराची उतरंड मला पाठ होती, पण जागा मी नकाशा बघून दोन तासात ठरवली, बोअरची गाडी नीट पोचते म्हणून रस्त्याकडंला. पंप इंडिया मार्क टू, ज्याचं बीज आपल्या जालन्या-सोलापुरात पडलं तोच, आणि मला काय अभिमान वाटला होता!

आठ महिन्यांनी दांडा हलेना. आतलं वायसर गेलेलं, दुसरं आमच्या स्टोअरला पडून होतं. पिवळा जेरीकॅन घेऊन एक बाई कॅम्पच्या गेटवर आली आणि दुभाष्याला म्हणाली, तुमचा पंप बंद पडलाय. तुमचा! मी दुरुस्त करून दिला, पण टर्न संपून आम्ही निघालो तेव्हा मागं तो बघणारं कोणीच नव्हतं, कारण तो कोणाचा नव्हताच.

आठ महिने पाणी आलं, हे मात्र मी कोणाला खोडू देणार नाही. लेकरं प्याली ते पाणी. घाई केली नसती तर तो सीझन कोरडा गेला असता, आणि बसून बघणं मला जमलं नसतं, आजही जमणार नाही. पण जागा त्यांनी ठरवायची होती, खुर्ची त्यांची होती, आणि हे मला कळायला ती बाई गेटवर यावी लागली.

तिथं सरकारच नाही असं परत लिहू नको, मला राग येतो. खून झाला तर किती गायी द्यायच्या हे झाडाखाली बसून ठरवणारे लोक तू-मी जन्मायच्या आधीपासून आहेत. त्यांच्याशेजारी सतरंजीवर बस, दोन दिवस जाऊ दे.

आपल्याकडं १७ सप्टेंबर १९४८ नंतर मिलिटरी गव्हर्नर आले, जनरल चौधरी, कारभार सव्वा वर्ष त्यांच्याकडं. रझाकार गेले म्हणून लोक खूष होतेच, पण माझा आज्जा सांगायचा की बाहेरून आलेल्या साहेबाला उर्दूतलं दप्तर वाचता यायचं नाही, आणि गावातला जाणता माणूस बाहेर ओट्यावर बसून राहायचा, त्याला कोणी आत बोलवायचं नाही. तो ओटा मी लहानपणी बघितलाय, आणि जोंगलेईत त्याच जागी मी साहेब झालो.

तुझी पोस्टिंग वर्षाची आहे, त्यांचं गाव कायमचं. कमिशनर नसला तर पायमच्या माणसाकडं जा, तो नसला तर बोमाच्या. फाईलवर आधी त्यांची सही, मग तुझी. तुमचे कमांडिंग ऑफिसर, सीओ, ओरडले तर ओरडू दे, माझं नाव सांग.

आणि हे सांग, पायमच्या त्या माणसाला आत्तापर्यंत किती वेळा भेटलास? मेसेजमधी त्याचं नावबी नव्हतं.

तुझा काका
परभणी