मुंग्यांचे वंशज आणि प्रजेआधी जन्मलेला राजा

ट्रोजन युद्धावरील आमच्या लेखानंतर ग्रीक पुराणकथांतील टोळ्या आणि त्यांचे राजे यांविषयी वाचकांनी बरेच प्रश्न विचारले. त्यांपैकी चार प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : अकिलीजच्या सैनिकांना ‘मिर्मिडन’ म्हणतात आणि ते मुंग्यांपासून झाले, असे वाचनात आले. ही कथा होमरची आहे काय? शिवाय ती एजिना बेटावर घडते, मग अकिलीजचे राज्य थेसलीत कसे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : कथा होमरची नाही. ‘इलियड’च्या सोळाव्या सर्गात मिर्मिडन शस्त्रे चढवून रणात उतरायला निघतात, तेव्हा कवी त्यांना लांडग्यांची उपमा देतो. डोंगरात हरिण फाडून झाल्यावर रक्ताळलेल्या जबड्यांनी झऱ्यावर येणारे आणि पातळ जिभांनी वरवरचे काळे पाणी लपालपा पिणारे असे ते लांडगे आहेत. त्याच सर्गात थोडे पुढे हे सैनिक पोरांनी डिवचलेल्या, रस्त्याकडेच्या गांधीलमाश्यांसारखे बाहेर पडतात. लांडगे झाले, गांधीलमाश्या झाल्या. मुंगी मात्र कोठेच नाही.

मुंग्या आल्या त्या नावातून. ग्रीक भाषेत मुंगीला ‘मिर्मेक्स’ म्हणतात. (हा शब्द, लॅटिन ‘फॉर्मिका’ आणि आपल्याकडचा वैदिक ‘वम्र’ ही एकाच प्राचीन शब्दाची रूपे असावीत, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात.) ‘मिर्मिडन’ हे नाव त्याच्याशी जुळते, एवढ्या आधारावर कथा उभी राहिली. देवांचा राजा झ्यूस आणि एजिना नावाची अप्सरा यांचा पुत्र एअकस एजिनाच्या निर्मनुष्य बेटावर एकटा पडला होता, म्हणून झ्यूसने तेथील मुंग्यांची माणसे केली, असे हेसिअडच्या नावावर चालत आलेल्या काव्यात सांगितले आहे. रोमन कवी ओव्हिडने हीच कथा काही शतकांनंतर फार खुलवून सांगितली. त्याच्या काव्यात बेट आधी वसलेले आहे आणि झ्यूसची पत्नी जूनो (ग्रीकांची हेरा) हिच्या कोपाने आलेल्या साथीत ते ओस पडते. एअकस झ्यूसच्या पवित्र ओक वृक्षाखाली उभा असतो. त्याच्या सुरकुतलेल्या सालीवरून मुंग्यांची रांग तोंडात आपल्याहून मोठे दाणे धरून चाललेली त्याला दिसते आणि तो एवढीच प्रजा मागतो. रात्री स्वप्नात झाड हलते, मुंग्या खाली सांडतात, वाढू लागतात, ताठ उभ्या राहतात. त्यांचे जादा पाय आणि काळा रंग गळून पडतो. सकाळी मुलगा हाक मारतो म्हणून राजा बाहेर येतो, तर दारात तीच माणसे उभी असतात.

भूगोलकार स्ट्रेबो याला असा चमत्कार मान्य नव्हता. त्याने दिलेल्या खुलाशाप्रमाणे एजिनाचे लोक मुंग्यांप्रमाणे जमीन उकरत, ती माती खडकावर पसरून शेती करत आणि विटा वाचाव्यात म्हणून खणलेल्या विवरांतच राहत. विटांची ही काटकसर मला मूळ चमत्काराइतकीच मजेची वाटते.

आता उत्तर ग्रीसमधील थेसलीविषयी. होमरच्या नौकांच्या यादीत मिर्मिडन फ्थिया आणि हेलास या थेसलीतील भागांचे आहेत. त्यांची जहाजे 50 आणि प्रत्येक जहाजावर माणसे 50. त्याच यादीत एजिना बेटाची माणसे मात्र अकिलीजकडे नाहीत. ती आर्गोसच्या डायोमीडीजच्या हाताखाली आहेत. हा सांधा पुढच्या कथाकारांनी पेलिअसच्या हद्दपारीने जुळवला. एअकसच्या पेलिअस आणि टेलॅमॉन या मुलांच्या हातून सावत्र भाऊ फोकस मारला गेला, म्हणून बापाने दोघांनाही बेटाबाहेर काढले. पेलिअस फ्थियात गेला आणि तेथे त्याला अकिलीज झाला. दोन ठिकाणच्या दोन परंपरा नंतर एकत्र शिवल्या गेल्या असाव्यात, असे माझे मत आहे. शिवण अजूनही दिसते.

प्रश्न : ब्रिटिश म्युझियममध्ये पार्थेनॉनचे शिल्पपट पाहिले. त्यांत अर्धा घोडा असलेला प्राणी माणसाशी झुंजतो. ही माणसे कोणत्या टोळीची? (एक वाचिका, लंडन)

उत्तर : आपण पाहिलेली माणसे लॅपिथ टोळीची आणि अर्धे घोडे म्हणजे सेंटॉर. अथेन्समधील पार्थेनॉन मंदिराच्या बाहेरच्या बाजूंवर असे 92 चौकोनी पट होते. त्यांपैकी दक्षिण बाजूचे 15 आज लंडनमध्ये आहेत. लॅपिथांचे ठिकाण म्हणजे थेसलीतील पीनिअस नदीचे खोरे आणि पेलिऑन पर्वताचा परिसर.

या झुंजीच्या मुळाशी जे आहे त्याला मराठीत ‘भाऊबंदकी’ याहून नेमका शब्द नाही. लॅपिथांचा राजा इक्सिऑन याने कबूल केलेले कन्याशुल्क द्यायचे टाळले आणि मागायला आलेल्या सासऱ्याला निखाऱ्यांनी भरलेल्या खड्ड्यात पाडून मारले. आप्ताची हत्या करणाऱ्या या माणसाला शुद्ध करून घ्यायला कोणी तयार होईना, तेव्हा स्वतः झ्यूसने त्याला शुद्ध केले आणि आपल्या पंक्तीला बसवले. तेथे इक्सिऑनची नजर हेरावर गेली. झ्यूसने ढगाची हुबेहूब हेरा करून त्याच्यापुढे ठेवली. त्या ढगापासून झालेला केंटॉरस पेलिऑनच्या घोड्यांमध्ये रमला आणि त्यातून सेंटॉर जन्मले, असे कवी पिंडर सांगतो. इक्सिऑन अखंड फिरणाऱ्या चाकाला बांधला गेला.

त्याच्यामागून गादीवर आला पिरिथूस. तो इक्सिऑनच्या राणीचा मुलगा असला तरी होमरच्या मते त्याचा बाप झ्यूस होता. इतिहासकार डायोडोरसने नोंदवलेल्या कथेत सेंटॉर त्याच्याकडे येऊन आपणही त्याच घराण्याचे असल्याने राज्याचा वाटा मागतात. तो नकार देतो, युद्ध होते, पुढे समेट होतो. समेटानंतर पिरिथूसच्या लग्नाचे निमंत्रण सेंटॉरांनाही जाते आणि मंडपात सगळे पुन्हा उसळते. दारूची सवय नसलेले सेंटॉर नवरी हिप्पोडेमिया हिच्यावर आणि वऱ्हाडातील बायकांवर हात टाकतात. ‘ओडिसी’त ही गोष्ट अधिक आटोपशीर आहे : एकटा युरिटिऑन पिऊन धिंगाणा घालतो, यजमान त्याला ओढत दाराबाहेर नेतात आणि त्याचे नाककान कापतात. माणसे आणि सेंटॉर यांचे वैर तेथून सुरू झाले, असे होमर म्हणतो. ‘इलियड’मध्ये तर सेंटॉरांना ‘केसाळ श्वापदे’ एवढेच म्हटले आहे. घोड्याच्या धडाचा तेथे उल्लेखही नाही.

लॅपिथांचा मला सर्वांत विलक्षण वाटणारा राजा मात्र केनिअस आहे. तो आधी केनिस नावाची मुलगी होता. समुद्रदेव पोसायडनने तिच्यावर बळजोरी केली आणि वर माग म्हटले, तेव्हा पुन्हा असे सोसावे लागू नये म्हणून आपल्याला पुरुष करावे, असे तिने मागितले. पोसायडनने ते दिलेच, शिवाय कोणत्याही शस्त्राने न भेदणारे शरीर दिले. पुढे राजा झाल्यावर केनिअसने चौकात आपला भाला रोवला आणि लोकांनी त्यालाच देव मानावे, असा हुकूम काढला. झ्यूसला हे खपले नाही. सेंटॉरांनी त्याच्यावर तलवारी आणि भाले चालवून पाहिले, काही होईना. मग झाडांचे बुंधे आणि शिळा घेऊन त्यांनी त्याला खुंट्यासारखा जमिनीत ठोकला. फ्लॉरेन्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात इ.स.पू. 570च्या सुमाराचे मद्य कालवण्याचे मोठे भांडे आहे. त्यावर असा अर्धा जमिनीत गेलेला केनिअस आपल्याला पाहता येईल. त्याला मारणे जमले नाही, म्हणून जिवंतच गाडले.

अथेन्सच्या मंदिरावर थेसलीच्या टोळीचे काय काम, हाही प्रश्न आपल्याला पडेल. पिरिथूसचा जिवलग मित्र होता अथेन्सचा राजा थिसिअस आणि तो त्या लग्नात लढला. मंदिराचे काम इ.स.पू. 447मध्ये सुरू झाले, तेव्हा इराण्यांनी शहर जाळल्याला जेमतेम तेहतीस वर्षे झाली होती. उधळलेल्या सेंटॉरांत पाहणाऱ्यांना कोण दिसत असेल, याचा अंदाज बहुतेक अभ्यासक एकच करतात.

प्रश्न : पेलास्जियनांचा पेलास्गस, मिनियनांचा मिनिआस, आयोनियनांचा आयॉन. टोळीचे आणि राजाचे नाव दर वेळी जुळते. हे राजे खरोखर होऊन गेले काय? (इतिहासाचा एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : आपली शंका रास्त आहे. अशा राजांपैकी बहुतेकांची नावे टोळीच्या नावावरून मागाहून घडवलेली आहेत. लोक आधी, लोकांचे नाव त्यानंतर आणि त्या नावाचा मूळपुरुष सर्वांत शेवटी, असा हा क्रम आहे. कथा तो उलटा करून सांगते. पेलास्गसचेच पाहा. आर्केडियाच्या परंपरेत तो काळ्या मातीतून उगवलेला पहिला माणूस आणि पहिला राजा आहे. झोपड्या बांधणे, कातड्याचे अंगरखे घालणे आणि पाला, गवत, मुळे सोडून ओकची फळे खाणे हे त्यानेच लोकांना शिकवले. ही परंपरा नोंदवताना प्रवासवर्णनकार पॉसॅनिअस मध्येच थांबतो आणि म्हणतो की, पेलास्गसबरोबर इतरही माणसे असणारच, नाहीतर त्याने राज्य कोणावर केले असते? दुसऱ्या शतकातील त्या भाविक प्रवाशाने आपलीच शंका अठराशे वर्षे आधी काढली होती. याच पेलास्गसला नाटककार इस्किलसने आर्गोसचा राजा केले आणि शरणार्थी स्त्रियांना आश्रय देण्यापूर्वी प्रजेचा कौल घेणारा म्हणून रंगमंचावर आणले. मूळपुरुष हवा तसा हलवता येतो, तो असा.

मात्र ‘खोटे’ म्हणून या वंशावळी बाजूला टाकू नयेत, कारण त्यांत राजकारण भरलेले आहे. प्रचलित वंशावळीप्रमाणे ग्रीकांचा मूळपुरुष हेलेन (ट्रॉयची हेलन नव्हे) याचे तीन पुत्र : डोरस, इओलस आणि झूथस, झूथसचे आयॉन आणि अकीअस. डोरियन, इओलियन, आयोनियन आणि अकियन या चारही शाखा अशा एका घरात येतात. अथेन्सच्या युरिपिडीजने आयॉनवरील नाटकात मात्र आयॉनला साक्षात अपोलोचा मुलगा केले आणि डोरसला खाली आणून आयॉनच्याच आईचा, झूथसपासून झालेला धाकटा मुलगा ठरवले. अथेन्स स्वतःला आयोनियनांचे माहेर म्हणवीत असे आणि स्पार्टा डोरियन होती. दोघांतील प्रदीर्घ युद्धाच्या काळातले हे नाटक आहे. शत्रूच्या पूर्वजाला रंगमंचावर धाकटेपण मिळाले.

हे शस्त्र परक्यांवरही चाले. ग्रीक वीर पर्सिअसच्या पर्सीझ या मुलापासून इराणी झाले, असे ग्रीक मानत. ग्रीसवरील स्वारीपूर्वी इराणचा सम्राट झर्क्सीझने आर्गोसला दूत पाठवून ‘आम्ही तुमचेच वंशज, तेव्हा तुम्ही आमच्याशी लढू नये’ असे कळवल्याची वदंता इतिहासकार हिरोडोटसने दिली आहे. आणि नेमका हाच प्रयोग आपल्याकडे ग्रीकांवर झाला. आयोनियनांच्या नावाचे जुने रूप इराण्यांच्या तोंडी ‘यौन’ आणि आपल्याकडे ‘यवन’ झाले. महाभारताच्या आदिपर्वाने या यवनांना ययातिपुत्र तुर्वसूचे वंशज करून चंद्रवंशात बसवले. आयॉनच्या लोकांना दोन मूळपुरुष मिळाले आणि दोघांना एकमेकांची वार्ता नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात ज्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची दाने कोरली आहेत, त्यांवर मात्र यांपैकी कोणत्याच मूळपुरुषाचे नाव नाही.

मिनिआसविषयी थोडक्यात. बिओशियातील ऑर्कोमेनस येथे त्याचा ‘खजिना’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या घुमटाकार वास्तूचे जर्मन उत्खनक श्लीमनने 1880मध्ये उत्खनन केले; ती प्रत्यक्षात कांस्ययुगातील थडगे आहे. तेथे सापडलेल्या करड्या, गुळगुळीत खापरांना त्याने ‘मिन्यन’ नाव दिले. राजाचा पुरावा मिळाला नाही, तरी खापरांचे नाव पुरातत्त्वज्ञ आजही तेच वापरतात.

प्रश्न : पुराणकथेतील एखाद्या टोळीच्या राजाची आठवण पुढे खऱ्या गावात पाळली गेली, असे उदाहरण आहे काय? (एक वाचक, पणजी)

उत्तर : आहे. मार्मारा समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर, आजच्या तुर्कस्तानात, सिझिकस नावाचे भरभराटीचे ग्रीक शहर होते. जेसनबरोबर सोनेरी लोकर आणायला निघालेल्या अर्गोनॉट वीरांच्या कथेत तेथे डोलिओनी लोक राहतात आणि त्यांच्या तरुण राजाचे नाव सिझिकसच आहे. म्हणजे तोही वरच्या उत्तरातल्या राजांच्याच पंक्तीतला. नुकतेच लग्न झालेला हा राजा जेसन आणि त्याच्या सोबत्यांचा चांगला पाहुणचार करतो. पाहुणे निघतात, पण रात्री वारा फिरतो आणि जहाज पुन्हा त्याच किनाऱ्याला लागते. अंधारात ते आपल्या यजमानांना ओळखत नाहीत आणि डोलिओनींना वाटते की शत्रूच चालून आले. त्या लढाईत जेसनच्या हातून सिझिकस मरतो. उजाडल्यावर चूक कळते आणि दोन्ही बाजू मिळून तीन दिवस शोक करतात. राणी क्लीटी गळफास घेते आणि तिच्यासाठी वनदेवतांनी ढाळलेल्या आसवांचा झरा होतो.

त्या दुःखात डोलिओनींना दळणाची शुद्ध राहिली नाही आणि बरेच दिवस त्यांनी चूल न पेटवता कच्चेच खाल्ले, असे कवी अपोलोनिअस सांगतो. इ.स.पू. तिसऱ्या शतकात लिहिताना तो पुढे नोंदवतो की, सिझिकसचे रहिवासी अजूनही वर्षश्राद्धाच्या दिवशी नैवेद्याच्या पोळ्यांचे पीठ घरच्या जात्यावर दळत नाहीत. त्या दिवशी दळण गावाच्या सामाईक जात्यावर होते.