वाचकांचे प्रश्न : रामेश्वरच्या वाटेवरचा पूल

प्रश्न : आम्ही सोलापूरहून रेल्वेने रामेश्वरला जाणार आहोत. पांबनचा जुना पूल बंद झाल्यावर तिथे पाहण्यासारखे काय उरले आहे? वाटेत आणखी कोणता पूल पाहावा?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : १९१४ साली सुरू झालेल्या जुन्या पुलावरील गाड्या डिसेंबर २०२२ मध्ये थांबल्या, हे खरे. जहाज आले की त्याचा मधला भाग दोन फळ्यांसारखा उघडत असे आणि त्यासाठी कामगार हातांनी यंत्र फिरवीत. ती मजा आता नाही. तरीही एप्रिल २०२५ मध्ये खुला झालेला शेजारचा नवा पूल चुकवू नये, कारण त्याचा ७२.५ मीटर लांबीचा मधला गाळा न दुभंगता, दोन्ही टोकांच्या मनोऱ्यांमधून विजेच्या मोटारींच्या साहाय्याने आडवाच सरळ वर उचलला जातो. मात्र हे दृश्य जहाज यायचे असेल तरच दिसते, त्यामुळे त्यावर प्रवासाचा बेत बांधू नये.

गाडी पुलावर असताना पूल फारसा दिसत नाही. खाली पाणी तेवढे दिसते. म्हणून परतताना एकदा तरी १९८८ च्या रस्तापुलावरून जावे. तिथून संपूर्ण रेल्वेपूल नजरेच्या टप्प्यात येतो.

वाटेतला म्हणाल, तर वाडीमार्गे जाणारी गाडी रायचूरच्या अलीकडे कृष्णा ओलांडते. आपल्या पंढरपूरची भीमा जिला जाऊन मिळते, तीच ही नदी; गाडी तिथून रात्री जाणार नाही, एवढे तिकीट काढताना पाहावे.