वाचकांचे प्रश्न : पाहुण्यांच्या रात्रीच्या पार्ट्या कशा रोखाव्यात?

प्रश्न : आम्ही ठाण्यात राहतो आणि नेरूळचा आमचा फ्लॅट एअरबीएनबीवरून दोन-चार दिवसांच्या मुक्कामासाठी देतो. मागील महिन्यात चौघांच्या नावे बुकिंग झाले, प्रत्यक्षात मोठा घोळका जमला आणि पहाटेपर्यंत गाणी चालली. सोसायटीच्या कमिटीने आम्हाला नोटीस दिली आहे. घरात कॅमेरा बसवावा काय?

उत्तर : कॅमेरा बसवू नये. एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आतील कॅमेऱ्यांना मनाई केली आहे. केवळ आवाजाची पातळी मोजणारे, बोलणे न टिपणारे उपकरण हॉलमध्ये चालते. मात्र त्याची माहिती जाहिरातीत आधी द्यावी लागते.

तरीही उपकरण वाजेपर्यंत शेजाऱ्यांची झोप मोडलेली असते, म्हणून खरे काम किल्ली देण्यापूर्वीचे आहे. एअरबीएनबीने २०२० मध्ये पार्ट्यांवर बंदी घातली आणि २०२२ मध्ये ती कायम केली; धोक्याचे बुकिंग ओळखताना मुक्काम किती रात्रींचा, पाहुणा किती लांबचा, वार शनिवार की मधला, हे ती कंपनीही पाहते. वाशीचाच कोणी शनिवारी दुपारी त्याच रात्रीपुरते नेरूळमध्ये घर मागू लागला, तर विचारपूस केल्याशिवाय होकार देऊ नये. (घरी रंगकाम निघाले म्हणून येणारे कुटुंबही असू शकते; तेव्हा तडकाफडकी नकारही नको.) डी. वाय. पाटील स्टेडियमवर जानेवारी २०२५ मधील कोल्डप्लेसारखा मोठा कार्यक्रम असेल, तेव्हा किमान दोन रात्रींची अट घालावी.

विचारपूस सौम्य, पण नेमकी असावी : ‘आमच्या गेटवर प्रत्येकाचे नाव नोंदवहीत लिहिले जाते आणि यादीत नसलेल्यांना रात्री वर सोडत नाहीत, तरी येणाऱ्या सर्वांची नावे कळवावीत.’ पार्टीच्या बेतात असलेली मंडळी बहुधा एवढ्यावरच दुसरे घर शोधतात. मात्र ती यादी खरोखरच वॉचमनच्या हाती पोहोचली पाहिजे, आणि रात्रपाळीच्या वॉचमनच्याही; नाहीतर तो मजकूर पोकळ ठरतो.

अनेकांचा समज असतो की ध्वनिप्रदूषणाचे नियम मंडपातल्या भोंग्यांपुरतेच आहेत. तसे नाही. २००० च्या नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि खासगी जागेतील साउंड सिस्टीमही त्या कक्षेत येते. घराच्या नियमांत ‘शांतता राखा’ असे मोघम लिहिण्याऐवजी ‘रात्री १० नंतर स्पीकर बंद, बाल्कनीचे दार बंद’ असे लिहावे. खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या लावाव्यात. खालच्या मजल्यावरच्यांना गाण्याइतकाच फरशीवर ओढल्या जाणाऱ्या खुर्च्यांचा त्रास होतो.

तुमची खरी अडचण अंतराची आहे. मध्यरात्री ठाण्याहून नेरूळला पोहोचेपर्यंत प्रकरण हाताबाहेर जाते, म्हणून जवळपास राहणारी, दार ठोठावू शकणारी व्यक्ती मोबदला देऊन नेमावी आणि तिचा व स्वतःचा क्रमांक सेक्रेटरींकडे द्यावा. कमिटीचा राग पुष्कळदा आवाजापेक्षा कोणी फोन उचलत नाही याचा असतो. पाहुणे ऐकेनात तर वाद न घालता ११२ वर कळवावे.

नोटिशीला उत्तर लेखीच द्यावे. त्यात या उपायांची नोंद करावी आणि अशा अल्प मुक्कामाबद्दल सोसायटीच्या उपविधींत काय म्हटले आहे, ते उत्तर लिहिण्यापूर्वी वाचून घ्यावे.