जपानी मांगातले बुग्यो, योरिकी, दोशिन: मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की एदो काळातल्या (१६०३ ते १८६८) सामुराई मांगात (जपानी कॉमिक्समध्ये) जे पोलीस दिसतात त्यांना इंग्रजी भाषांतरात मॅजिस्ट्रेट (बुग्यो), इन्स्पेक्टर (योरिकी), कॉन्स्टेबल (दोशिन) म्हणतात, मग मराठीत न्यायाधीश, फौजदार, हवालदार असं सरळ लावून टाकावं का?

माझं स्पष्ट मत, नको. बुग्योसाठी आपल्याकडे चांगला शब्द आहे, मधल्या दोघांना जपानीच नावं राहू द्या, आणि शेवटचा ओकाप्पिकी, म्हणजे दोशिनने हाताशी ठेवलेला माणूस, त्याला पोलीस तर अजिबात म्हणू नका.

आधी बुग्यो. माचि-बुग्यो म्हणजे एदो शहराचा (आजचं तोक्यो) कारभारी, हा चोर पकडायची व्यवस्था बघायचा, खटले ऐकून निकाल द्यायचा, बाजारभाव, आगी, तुरुंग सगळं त्याच्याच गळ्यात. नुसतं न्यायाधीश म्हटलं की अर्धा माणूस गळतो. पेशवाईतला पुण्याचा कोतवाल बघा, बंदोबस्त, बाजारावर नजर, भांडणांचा निवाडा, बरंचसं तेच काम, म्हणून कोतवाल एकदम फिट बसतो. एदोत असे दोन बुग्यो, उत्तरेचा आणि दक्षिणेचा, पण म्हणून शहराचे दोन भाग केलेले नव्हते हां, दोघं आलटून पालटून एकेक महिना नवी प्रकरणं घ्यायचे, नावं फक्त कचेरी कुठे आहे त्यावरून. त्यामुळे "उत्तर विभागाचे पोलीस प्रमुख" हे भाषांतर चूकच.

आता योरिकी आणि दोशिन. प्रत्येक कचेरीत योरिकी २५, दोशिन साधारण शंभर-सव्वाशे, आणि अठराव्या शतकात शहराची वस्ती दहा लाखांच्या आसपास! फौजदार-हवालदार म्हटलं की आपल्या डोक्यात शिडी येते, हवालदार परीक्षा देऊन किंवा नोकरीची वर्षं भरून फौजदार होतो वगैरे. इथे तसं काही नाही, दोशिन जन्मभर दोशिनच, जागा कागदोपत्री एका पिढीपुरती पण प्रत्यक्षात बापानंतर पोराकडेच जायची, योरिकी व्हायचा रस्ताच नाही. कितीही हुशार दोशिन असला तरी त्याच्यावर कोवळा योरिकी साहेब म्हणून बसू शकतो, आणि कथेतला अर्धा ताण यातूनच येतो, तो "हवालदार" लिहिल्यावर दिसेनासा होतो.

चित्रात ओळखायचं सोपं आहे. योरिकीला घोड्यावर बसायचा मान, त्यांची मोजणीसुद्धा घोडेस्वारांसारखी व्हायची. दोशिन पायी, गस्तीवरचा असेल तर कमरेला दोन तलवारी पण खाली हाकामा (ती घोळदार विजार) नाही, आणि वरच्या कोटाची खालची कड वर घेऊन कमरपट्ट्यात खोचलेली. चालताना-पळताना मोकळं म्हणून ही पद्धत, आणि हीच त्यांची स्टाईल झाली. शिवाय जित्ते, म्हणजे बाजूला आकडा असलेला लोखंडी दांडका. शेजारी जो माणूस किमोनोचा मागचा घोळ वर खोचून धावतोय आणि तलवार एकही नाही, तो ओकाप्पिकी.

हा खरा महत्त्वाचा मुद्दा. ओकाप्पिकी सरकारी माणूसच नव्हता. दोशिन स्वतःच्या खिशातून थोडेफार पैसे देऊन त्याला ठेवायचा, बरेच जण आधीचे गुन्हेगार, कारण चोरांच्या गल्ल्या त्यांनाच माहीत. पगारात भागायचं नाही म्हणून बायकोचं दुकान नाहीतर लोकांकडून उकळणं, इतकं की शोगुनच्या (जपानच्या लष्करी सत्ताधीशाच्या) सरकारने असली माणसं वापरायला वेळोवेळी बंदी घातली आणि ती कधी टिकली नाही. त्याला कॉन्स्टेबल केलं की तो लोकांना का छळू शकतो आणि अंगाशी आलं की दोशिन त्याला का झटकू शकतो हे वाचकाला कळतच नाही. मराठीत खबऱ्या म्हणा. हा खबर काढण्यापलीकडे धरपकडीतही असतो हे खरं, पण अर्थ जवळचा आहे. ओकाप्पिकी शब्दात तुच्छता आहे, एदोत त्याला तोंडावर गोयोऽकिकी म्हणायचे, "मेआकाशी" दिसलं तर तोच माणूस, फक्त एदोबाहेरच्या आसपासच्या मुलखातला.

देवळाच्या आवारात चोर शिरला की हे सगळे दारात थबकतात, ते घाबरून नाही, देवळांचा कारभार वेगळ्या बुग्योकडे (जिशा-बुग्यो) असायचा. हित्सुके तोझोकु आरातामे हे जाळपोळ आणि दरोडे बघणारं लष्करी पथक मात्र वेगळं, त्यांना हद्दीची आडकाठी फारशी नव्हती. त्याचा प्रसिद्ध प्रमुख हासेगावा हेइझो १७८७ मध्ये नेमला गेला, तेव्हा पुण्यात घाशीराम कोतवाल होता, म्हणजे कोतवाल शब्द काळालाही धरून आहे.

हाक मारायचं राहिलं. लोक दोशिनला "दान्ना" म्हणतात, हा शब्द बौद्ध धर्मातून गेलेला आपला संस्कृत "दान", दान देणारा यजमान, त्यावरून मालक. मराठीत तिथे "साहेब" ठेवा. ओकाप्पिकीला त्याची माणसं "ओयाबुन" म्हणतात, तिथे "दादा" चालेल, साहेब नको.